गावच्या मातीच्या धरणाची पाहणी : नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

ओढ्याला आडवा घातलेला पाच ते आठ मीटर उंचीचा मातीचा बांध आणि त्याच्या एका कुशीला दगडी सांडवा, म्हणजे तळे भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, एवढीच या धरणाची रचना असते. कागदोपत्री त्याला पाझर तलाव, गाव तलाव किंवा लघुपाटबंधारे तलाव म्हणतात, बोलण्यात नुसते ‘तळे’ म्हणतात, आणि भंडारा-गोंदियाकडे अशा तलावाच्या बांधाला ‘पाळ’ हे जुने नाव आहे. महाराष्ट्रातले यांपैकी कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर, मजुरांनी पाट्या-घमेल्यांनी माती वाहून उभे केले. हेतू पाणी मुरवण्याचा आणि साठवण्याचा होता. पण ओढ्याकाठी वस्ती असलेल्या गावाला त्याचा दुसराही उपयोग होतो, तो असा की डोंगरावरून एकदम उतरणारा लोंढा तलावात काही काळ अडतो, त्याचा जोर मोडतो आणि ओढा पात्र सोडून घरांत शिरत नाही. त्याच बांधाला खांड पडली, तर तलावभर साठलेले पाणी तासाभराच्या आत त्याच घरांवर येते.

ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेले सदस्य, पाणलोट समितीत नाव घातले गेलेले तरुण आणि ज्यांना ‘तळ्याकडे जरा लक्ष ठेवा’ एवढेच सांगितले गेले आहे अशा सर्वांसाठी हा लेख आहे. धरणाचे संकल्पन आणि मोठी दुरुस्ती ही अभियंत्यांची कामे आहेत आणि ती त्यांच्याकडेच राहावीत. मात्र बांध नियमाने पाहणे, मोजणे, नोंदवणे आणि वेळेत ओरडणे ही कामे गावातल्या माणसाइतकी चांगली दुसऱ्या कोणालाही जमत नाहीत, कारण रात्री पाऊस सुरू झाला की अभियंता तालुक्याच्या ठिकाणी असतो आणि गावकरी बांधापासून हाकेच्या अंतरावर.

पहिली पायरी : तळे कोणाचे, ते शोधणे

हे काम कंटाळवाणे आहे, तरी ते आधी करावे. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात, त्यावरचे ६०० हेक्टरपर्यंतचे राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे. संबंधित उपविभागात जाऊन तलावाच्या मूळ नकाशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत मागावी. त्यातून पाणलोट क्षेत्र, साठा, बांधाच्या माथ्याची पातळी, सांडव्याची पातळी व लांबी आणि पूर पातळी हे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. साठा बहुधा सहस्र घनमीटरांत, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘टीसीएम’मध्ये दिलेला असतो. जुन्या तलावांचे कागद कधी सापडत नाहीत. तसे असेल तर सापडत नाहीत असे लेखी उत्तर घ्यावे, कारण पुढच्या पत्रव्यवहारात तेही उपयोगी पडते.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. संसदेने केलेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये लागू झालेला धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, तसेच लांबी, साठा, पुराचा विसर्ग यांसारख्या ठरावीक अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. आपले सात मीटरचे तळे त्यात बसत नाही. त्यामुळे ‘सरकार कायद्याने दरवर्षी तपासणी करतेच’ या भरवशावर गावाने राहू नये.

दुसरी पायरी : पाण्याचा हिशेब समजून घेणे

तळे पूर किती अडवते, हे त्याच्या आकारापेक्षा त्या दिवशी ते किती रिकामे आहे यावर ठरते, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा, तलावाचे पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर आहे. १ हेक्टरवर पडलेल्या १ मिलिमीटर पावसाचे पाणी १० घनमीटर होते, म्हणजे १०० हेक्टरांवर १,००० घनमीटर. एका संध्याकाळी १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा जमिनीत न मुरता वाहून आला, तर तलावाकडे ५०,००० घनमीटर पाणी येईल. पाण्याचा पसारा ५ हेक्टर असलेला तलाव त्या वेळी सांडव्यापेक्षा १ मीटर खाली असेल, तर हे सगळे पाणी तो पोटात घेईल आणि खालच्या ओढ्याला काही कळणारही नाही. हाच पाऊस भाद्रपदात, तलाव काठोकाठ असताना झाला, तर जवळजवळ सगळे पाणी सांडव्यावरून जाईल. फरक इतकाच की तलावाचा पसारा वाढताना थोडे पाणी वर तात्पुरते साठेल आणि लोंढ्याचे टोक काहीसे बोथट होईल. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात ‘तळ्याने गाव वाचवले’ म्हणणाऱ्यांनी सप्टेंबरमध्ये त्याच भरवशावर झोपू नये, ते यासाठी.

दुसरा हिशेब सांडव्याचा. ओढ्यातून एका सेकंदाला जास्तीत जास्त किती पाणी येईल, याचा ढोबळ अंदाज काढण्याची रीत सोपी आहे : पाणलोटाचे हेक्टर, पावसाचा तासाचा जोर मिलिमीटरमध्ये आणि वाहून येणाऱ्या पाण्याचा अंश यांचा गुणाकार करून त्याला ३६० ने भागावे. १०० हेक्टर, ताशी ८० मिलिमीटर आणि निम्मा अंश धरला तर उत्तर सेकंदाला सुमारे ११ घनमीटर येते. रुंद माथ्याच्या सांडव्यावरून जाणारे पाणी मोजण्यासाठी सांडव्याच्या लांबीला पाण्याच्या खोलीच्या दीडव्या घाताने आणि १.७ ने गुणतात. १० मीटर लांबीच्या सांडव्यावर पाऊण मीटर खोलीचे पाणी वाहू लागले की साधारण तेवढेच, म्हणजे ११ घनमीटर पाणी बाहेर पडते. हे गणित समज येण्यापुरते आहे. सह्याद्रीलगतच्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी इंग्लिस नावाच्या अभियंत्याने मांडलेले पुराचे सूत्र वापरले जात आले आहे, आणि ते १ चौरस किलोमीटरच्या, म्हणजे याच १०० हेक्टरांच्या पाणलोटासाठी सेकंदाला सुमारे ३७ घनमीटर पूर धरते. तेव्हा आपल्या वहीतल्या आकड्यावर विसंबून सांडवा पुरेसा असल्याचा दाखला कोणी देऊ नये. उलट वहीतल्या साध्या हिशेबातही सांडवा अपुरा दिसला, तर ताबडतोब विभागाकडे जावे.

तिसरी पायरी : सांडवा

मला पाहणीसाठी एकच तास दिला, तर त्यातला निम्मा मी सांडव्यावर घालवीन. मातीचा बांध पाणी अडवण्यासाठी असतो, माथ्यावरून पाणी जाऊ देण्यासाठी नसतो; माथ्यावरून वाहू लागलेले पाणी कोरड्या बाजूचा उतार आधी ओरबाडते, मग कापते, आणि एकदा घळ पडली की ती वरच्या दिशेने सरकत तलावापर्यंत पोचते. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेले तर ते बहुधा टिकून राहते, मातीचे टिकत नाही. म्हणून सांडव्याची पातळी आणि बांधाचा माथा यांमधली उंची हेच या धरणाचे खरे भांडवल. या उंचीतला खालचा भाग पुराचे पाणी वाहण्यासाठी असतो. पूर पातळीच्या वर, लाटांसाठी आणि माणसाच्या चुकांसाठी जी जागा मोकळी ठेवलेली असते तिला मुक्तांतर म्हणतात.

या भांडवलावर सर्वात आधी हात पडतो तो गावकऱ्यांचाच. पावसाळा सरता सरता थोडे अधिक पाणी राहावे म्हणून सांडव्यावर वाळूच्या किंवा मातीच्या गोण्या रचतात. मी एका गावात पाहिले, गोण्यांच्या जागी पुढच्या वर्षी दगड-सिमेंटची दोन फुटांची भिंत आली होती आणि ती बांधणाऱ्यांना आपण गावासाठी काही चांगले केले असेच मनापासून वाटत होते. वरच्याच उदाहरणात सांडवा ३० सेंटीमीटरने उंच केला, तर पूर पातळीपर्यंत वाहायला पाऊण मीटरऐवजी ४५ सेंटीमीटरच खोली उरते आणि त्या खोलीत सांडवा ११ घनमीटरांऐवजी जेमतेम ५ घनमीटर पाणी सोडतो. उरलेले पाणी तलावातच चढते आणि मुक्तांतर खाऊन टाकते. सांडव्याची पातळी वाढवायचीच असेल, तर बांधाची उंची, सांडव्याची लांबी आणि बुडीत क्षेत्र यांचा एकत्र विचार करून विभागाने तसे संकल्पन करावे लागते. गोण्या तेवढ्या आजच काढाव्यात.

यानंतर सांडव्याची भिंत आणि तिच्यापुढचा चर पायी फिरून पाहावा. चरात वेडी बाभूळ माजली आहे का, दरड कोसळून तो अर्धा बुजला आहे का, कोणी त्यात कडब्याची गंज रचली किंवा कुंपण घातले आहे का, मासे धरण्यासाठी जाळी लावली आहे का, हे सगळे नोंदवावे. जाळीत पहिल्या पुराबरोबर आलेला पालापाचोळा अडकला की ती भिंतीसारखीच वागते. सांडव्याची बांधाकडची बाजू विशेष बारकाईने पाहावी. दगडी भिंत आणि मातीचा भराव जिथे भेटतात तिथे फट दिसली, तर ती बोटभर असली तरी लिहून ठेवावी. चराच्या शेवटी पाणी ओढ्यात जिथे पडते तिथली जमीन दरवर्षी थोडी थोडी कापत सांडव्याकडे येत असेल, तर एका झाडापासून किंवा खडकापासून तिचे अंतर टेपने मोजावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजावे.

चौथी पायरी : माथ्याची पातळी मोजणे

मातीचा भराव वर्षानुवर्षे दबत असतो, आणि जिथे तो सर्वात उंच तिथे सर्वाधिक दबतो, म्हणजे नेमका जुन्या ओढ्याच्या पात्रावर. जनावरांच्या वाटा, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि बांध ओलांडण्यासाठी कोणी तरी कुदळीने काढलेले खोबणे यांमुळेही माथा जागोजागी खाली जातो. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या बांधावर ३०-४० सेंटीमीटरचा खळगा सहज लपतो, आणि पाणी माथ्यावर आलेच तर सगळे त्याच खळग्यातून जाते.

मोजण्यासाठी दुर्बीण लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते. दहा-पंधरा मीटर लांबीची नळी पाण्याने भरावी, आत बुडबुडा राहू देऊ नये, आणि दोन्ही टोकांतले पाणी एका रेषेत असते एवढेच तत्त्व ध्यानात ठेवावे. सांडव्याच्या माथ्यावर खडूने खूण करून तिथून सुरुवात करावी, बांधावर दर दहा मीटरला खुंटी ठोकत पुढे जावे आणि प्रत्येक ठिकाणी जमीन सांडव्यापेक्षा किती सेंटीमीटर उंच आहे ते लिहावे. नळी प्रत्येक वेळी सरकवताना थोडी चूक साठत जाते, म्हणून दुसऱ्या टोकापर्यंत पोचल्यावर त्याच खुंट्यांवरून मोजत परत सांडव्यापर्यंत यावे. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त हुकला, तर मोजणी पुन्हा करावी. दोन माणसांना यासाठी एक सकाळ लागते. वहीतला सर्वात लहान आकडा म्हणजे आपल्या धरणाची खरी उंची; नकाशावर काय लिहिले आहे ते पाण्याला ठाऊक नसते.

माथ्यावर भेगाही पाहाव्यात. उन्हाळ्यात काळी माती उकलते आणि उथळ, वेड्यावाकड्या भेगा पडतात. त्या पहिल्या पावसात मिटतात. बांधाच्या लांबीला समांतर जाणारी, लांबलचक आणि एका बाजूची कड किंचित खाली बसलेली भेग मात्र उतार घसरू लागल्याची खूण असते. बांधाला आडवी, पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग त्याहून वाईट, कारण पाण्याला ती तयार वाट आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून तारीख लिहावी. महिन्यात ती खुंट्यांपलीकडे गेली असेल, तर अभियंत्याला दाखवायला तेवढा पुरावा पुष्कळ झाला.

पाचवी पायरी : दोन्ही उतार

पाण्याकडची बाजू मे महिन्यात, तळे आटलेले असताना पाहावी. तिथे लाटांपासून संरक्षणासाठी दगडांचे पिचिंग असते. घरांच्या पायासाठी पिचिंगचे दगड उचलून नेणे ही जुनी खोड आहे, आणि दगड गेलेल्या जागी लाटा माती धुऊन छोटी पायरी तयार करतात. ती दरवर्षी आत सरकते. दगड पुन्हा बसवताना नुसते टाकू नयेत, खाली खडी-मुरमाचा थर देऊन ते हाताने बसवावेत.

कोरड्या बाजूवर हरळीसारखे आखूड, दाट गवत असावे. झाडे नसावीत. बाभळीचे किंवा लिंबाचे मूळ भरावात खोल जाते आणि झाड मेल्यावर कुजून त्या जागी नळीसारखी पोकळी उरते. वीतभर रोपे मुळासकट उपटावीत आणि खड्डा ठोकून भरावा. पण वीस वर्षांचे झाड स्वतःच्या बुद्धीने उपटू नये, कारण त्याच्याबरोबर बांधाचा मोठा लचका निघतो. बांधावर म्हसोबाचे ठाणे आणि त्याला सावली देणारा पिंपळ असेल, तर हा विषय पाहणीच्या वहीत मावणारा नाही. तो ग्रामसभेत, जुन्याजाणत्यांना बरोबर घेऊन आणि अभियंत्याला समोर बसवून बोलावा लागतो.

गवत कापण्याचा खरा फायदा असा की बिळे दिसतात. घूस, उंदीर, साळिंदर आणि खेकडे बांध पोखरतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली आणि सुमारे २० माणसे प्राणास मुकली. त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचे विधान झाले आणि राज्यभर त्याची टिंगल झाली. टिंगल समजण्यासारखी होती, कारण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तरीही त्या हशामुळे बिळांकडे दुर्लक्ष होऊ नये. एकटे बीळ धरण क्वचितच फोडते, पण आधीच ओल्या, सैल भरावात ते पाण्याची वाट निम्म्याने आखूड करते. बिळाचे तोंड दगडाने दाबून भागत नाही. ते शेवटपर्यंत खोदून, ओलसर मातीचे पातळ थर देऊन ठोकत भरावे लागते.

उताराच्या पायथ्याशी मुरूम किंवा माती काढलेली आढळली, तर ती कोणी काढली याचा वाद नंतर घालावा आणि आधी खड्डा किती खोल आहे ते मोजावे. पायथा हा उताराला टेकू असतो. पाझराचे पाणी लागते म्हणून बांधाच्या अगदी पोटाशी विहीर खोदण्याचा मोह शेतकऱ्याला होतो, आणि मोटारीची पाइपलाइन बांधातून आडवी नेण्याचा तर अधिकच. पाइपासाठी खोदलेला चर घाईने भरलेला असतो आणि पाइपाच्या कडेने पाणी वाट काढते. पाइप न्यायचाच असेल तर विभागाच्या परवानगीने, भराव न खोदता न्यावा.

गाळ काढण्याबद्दलही इथेच सांगतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०१७ पासून अनेक तलावांचा गाळ शेतांत गेला आणि ते काम चांगलेच आहे. परंतु पोकलेनवाल्याला बांधाच्या पायथ्याजवळचा गाळ सगळ्यात सोयीचा पडतो. तो तिथे साचून पायथ्यावर चिखलाचे पांघरूण घालत असतो आणि बांधाखालून जाणारा पाझर कमी करत असतो. तो खरवडून खालचा मुरूम उघडा पडला की गळती वाढते. तळ्याच्या मधोमध पाणी मुरावे, बांधाच्या बुडाखालून मुरू नये. किती अंतर सोडायचे ते अभियंत्याकडून चुन्याने आखून घ्यावे आणि मशीन चालत असताना तिथे कोणाला तरी बसवावे.

सहावी पायरी : पाझर आणि गळती

ही पाहणी उन्हाळ्यात होत नाही. ती तळे भरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, सकाळच्या तिरप्या उन्हात करावी, म्हणजे ओल चमकते. मातीचे प्रत्येक धरण थोडे पाझरते, आणि पायथ्याच्या दगडी टोमधून, म्हणजे कोरड्या उताराच्या तळाशी रचलेल्या दगडांच्या पट्ट्यातून, स्वच्छ पाणी ठिबकणे हे चांगले लक्षण आहे. तो टो त्यासाठीच घातलेला असतो. विचारायचे प्रश्न तीन आहेत : पाणी कुठून येते, किती येते आणि त्यात काय येते.

पाणी टोच्या वर, उताराच्या मध्यावर निघत असेल किंवा तिथे भर उन्हाळ्यातही लव्हाळा हिरवा राहत असेल, तर भरावातली ओलीची रेषा वर सरकली आहे. किती येते ते मोजण्यासाठी पाणी छोट्या चरीतून एका पन्हळीत आणावे, १५ लिटरची बादली धरावी आणि ती भरायला लागलेले सेकंद लिहावेत. त्याबरोबर तलावाची त्या दिवशीची पातळी लिहिलीच पाहिजे, कारण तळे भरले की पाझर वाढणे स्वाभाविक आहे. पातळी तीच असताना बादली गेल्या वर्षीपेक्षा निम्म्या वेळात भरली, तर ती तक्रारीची गोष्ट झाली.

तिसरा प्रश्न सर्वात मोठा. पाणी पारदर्शक बाटलीत भरून तासभर स्थिर ठेवावे. तळाशी माती बसली, तर धरण आतून वाहून जात आहे. गढूळ पाणी थोडे असले तरी ते पुष्कळ स्वच्छ पाण्यापेक्षा घातक असते. पायथ्यापुढच्या जमिनीत पाणी उकळी फुटल्यासारखे वर येत असेल आणि भोवती वाळूचे छोटे आळे तयार झाले असेल, तर तेही याच प्रकारात मोडते.

पाझर दिसला की त्यावर काळी माती थापावी किंवा सिमेंट ओतावे असे प्रत्येकाला वाटते. तसे कधीही करू नये. वाट बंद झाली तरी पाणी थांबत नाही, ते भरावात दाब वाढवून दुसरीकडून फुटते. योग्य उपाय असा की पाण्याला जाऊ द्यावे पण मातीला अडवावे : उकळीवर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि वर दगड, अशा चढत्या जाडीच्या थरांचा ढीग घालावा. पाणी थरांतून स्वच्छ होऊन बाहेर पडू लागले की वेळ मिळाला असे समजावे आणि तोवर अभियंत्याला निरोप गेलेला असावा.

सातवी पायरी : विमोचक

ज्या तलावाला शेतीसाठी पाणी सोडण्याची सोय आहे, तिथे बांधाच्या पोटातून एक नळ किंवा दगडी मोरी गेलेली असते; तोच विमोचक. मातीत शिरलेली प्रत्येक कठीण वस्तू ही कच्ची जागा असते, कारण तिच्या कडेने भराव नीट ठोकता येत नाही. पानशेत इथे १२ जुलै १९६१ रोजी जे घडले त्याची सुरुवातही विमोचकापाशीच झाली होती. अपुऱ्या राहिलेल्या विमोचकाच्या वरचा भराव खचत गेला, रात्रभर वाळूच्या गोण्या रचूनही माथा सावरला नाही आणि मातीचे धरण फुटून खालचे खडकवासलाही फुटले. आपले तळे त्याच्या पासंगालाही पुरणारे नाही, पण तपासणी तीच : नळाच्या तोंडाभोवती ओल आहे का, झडप बंद असतानाही गढूळ पाणी येते का, आणि नळाच्या बरोबर वर माथ्यावर खळगा पडला आहे का. झडप मे महिन्यात एकदा पूर्ण उघडून, ग्रीस घालून बंद करावी. ऐन पुरात गंजलेल्या चाकाशी झोंबत बसण्यात अर्थ नाही.

आठवी पायरी : किरकोळ दुरुस्ती

माथ्यावरचे खळगे आणि उतारावरच्या पावसाने पडलेल्या घळी गाव स्वतः भरू शकते, मात्र विभागाला कळवून. जुन्या उतारावर नुसती माती ओतली, तर पहिल्या पावसात ती सरकून खाली येते. आधी गवत व सैल माती काढावी, जुन्या भरावाला पायऱ्या कापाव्यात, जागा ओली करावी आणि १५ सेंटीमीटरचा एकेक थर पसरून धुमसाने ठोकत जावे. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये, एवढा ओलावा बरोबर. नवी माती बसणारच, तेव्हा बोटभर जास्त चढवावी. हे सगळे मे अखेर उरकावे; मृग लागल्यावर टाकलेला भराव हा चिखल असतो.

नववी पायरी : पावसाळ्यातली रात्र

जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. ओढ्याकाठच्या कोणत्या घरांनी निघायचे, कोणत्या वाटेने आणि कुठे जायचे, हे त्या घरांतल्या माणसांना प्रत्यक्ष चालून दाखवावे. वाट ओढा ओलांडणारी नसावी. सांडव्याच्या भिंतीवर रंगाने दर १० सेंटीमीटरला रेघा ओढून त्यांतली एक लाल असावी, जिच्यावर पाणी गेले की निरोप निघेल. आणि तो निरोप कोणी द्यायचा हे नावानिशी ठरलेले असावे : पोलीस पाटील, सरपंच, विभागाचे शाखा अभियंता, तहसील कार्यालय आणि जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, ज्याचा क्रमांक १०७७ आहे. मोबाइलचे मनोरे पावसात बंद पडतात, म्हणून देवळाचा भोंगा किंवा शाळेची घंटा हीसुद्धा यादीत असावी.

मोठ्या पावसात बांधावर एकट्याने जाऊ नये, दोघांनी जावे आणि कोरड्या बाजूच्या उतारावर उतरू नये. माथ्याच्या खळग्यातून पाणी जाण्याची शक्यता दिसली, तर गोण्या त्या खळग्यावर रचाव्यात, सांडव्यावर कधीच नाही. सांडव्यात अडकलेले ओंडके दोर बांधलेल्या माणसाने, काठावरूनच ओढावेत. गळतीचे पाणी एकाएकी गढूळ झाले, माथा खचताना दिसला किंवा उताराचा तुकडा घसरला, तर फोटो काढत थांबू नये आणि खात्री करून घेण्यासाठी अभियंत्याची वाटही पाहू नये. आधी घरे रिकामी करावीत. इशारा फुकट गेला म्हणून दुसऱ्या दिवशी लोक हसतील, ते हसू सोसावे. आणि ‘पाणी काढून देऊ’ म्हणून बांधाला कुठेही चर मारण्याचा सल्ला देणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला त्या रात्री बांधापासून लांब ठेवावे.

पाऊस ओसरल्यावर सकाळी सांडव्याच्या भिंतीवर आणि काठच्या झुडपांवर अडकलेल्या कचऱ्याची रेषा दिसते. पुराचे पाणी किती चढले होते ते तीच सांगते. दुसरा पाऊस ती धुऊन नेण्याआधी तिची उंची सांडव्यापासून मोजावी आणि तारीख व आदल्या दिवशीचा पाऊस यांच्यासह वहीत लिहावी. पाच-सहा वर्षांच्या अशा नोंदी घेऊन उपविभागात गेल्यावर सांडवा वाढवण्याची मागणी अर्जातली एक ओळ राहत नाही, समोरच्या अभियंत्याला स्वतःचे आकडे काढून त्यांच्याशी ताडून पाहावे लागतात.